राइटची पोच: बाइट कमी गेले तर काय, याची आधीच करायची तयारी

लायब्ररीचा आधार न घेता थेट सिस्टिम कॉलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमलाच सरळ सांगून, छापणारा प्रोग्राम लिहायला बसणार असाल, मग तो असेंब्लीत असो की सी मध्ये, तर एडिटर उघडण्याआधी ही तयारी करून घ्या. मी एकदा ती न करता बसलो होतो. माझा प्रोग्राम दिवसभराच्या मोजमापांच्या नोंदी मराठीत मांडायचा. सगळा अहवाल आधी मेमरीतल्या एका बफरमध्ये रचायचा आणि शेवटी एकाच राइट कॉलने (बाइट बाहेर लिहिणारा सिस्टिम कॉल) बाहेर सोडायचा. टर्मिनलवर चालवला, नीट दिसला. फाइलीत वळवला, तरी नीट. पुढे तो दुसऱ्या एका प्रोग्रामच्या हाताखाली, पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याकडे पोचवणारी वाट) जोडून चालायला लागला आणि अहवाल मध्येच तुटू लागला. शेवटच्या ओळीत ‘शिल्ल’ एवढी अक्षरं आणि त्यापुढे चौकोनातलं प्रश्नचिन्ह. बाइट मोजले तर बरोबर ६५,५३६ भरले. अहवाल होता ९१,२४० बाइटांचा. आणि प्रोग्रामने मात्र शून्य एक्झिट कोड देऊन सगळं ठीक झाल्याचं कळवलं होतं. तुटलेल्या ओळीपेक्षा मला त्या शून्याचं जास्त वाईट वाटलं.

तर सर्वात आधी राइट नेमकं काय कबूल करतो ते मनात पक्कं करा. तुम्ही त्याला फाइल डिस्क्रिप्टर (कुठं लिहायचं ते सांगणारा क्रमांक), बफरचा पत्ता आणि बाइटांची संख्या देता. तो म्हणतो, ‘जास्तीत जास्त इतके लिहीन, आणि किती लिहिले ते सांगेन.’ सगळे लिहीन असं तो कधीच म्हणत नाही. मार्केट यार्डात चाळीस पोती पाठवली आणि पोच पावतीवर सव्वीस लिहून आली, तर उरलेली चौदा कुठं आहेत हे आपण विचारतोच. राइटचा परतावा म्हणजे अशीच पोच आहे. ती वाचली नाही तर उरलेले बाइट गेले कुठं हे विचारणारं दुसरं कोणीही नसतं, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःहून पुन्हा आठवण करत नाही.

पोच कमी कधी येते, याची कारणंही आधीच माहीत असू द्या, म्हणजे ‘माझ्याकडे तर कधी असं झालं नाही’ या भरवशावर राहणार नाही. डिस्कवरच्या साध्या फाइलीत जागा असेल तर राइट जवळजवळ नेहमी पूर्ण होतो, आणि नेमकी तीच चाचणी सगळे करतात. जागा संपत आली असेल तर जेवढी मावतील तेवढी बाइट जातात आणि त्याच्या पुढच्या कॉलला एरर येते. पाइपची क्षमता लिनक्सवर सहसा ६५,५३६ बाइट असते. पाइप नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे जागा नसली तरी लिहिणाऱ्याला थांबवून न ठेवणारा, असेल तर तेवढी भरली की राइट परत फिरतो. माझ्या बाबतीत हेच घडलं होतं, कारण वरच्या प्रोग्रामने पाइप तयार करतानाच तो नॉन-ब्लॉकिंग केला होता. पाइप ब्लॉकिंग असला तरी निर्धास्त राहू नका: राइट अर्ध्यावर थांबलेला असताना सिग्नल (प्रोग्रामला मध्येच अडवणारी सूचना) आला आणि त्याचा हँडलर (तो हाताळणारं फंक्शन) चालला, तर तोवर गेलेल्या बाइटांचा आकडा घेऊन राइट परत येतो. सिग्नल हँडलर बसवताना रीस्टार्टचा झेंडा लावला की काळजी मिटते, अशी पुष्कळांची समजूत आहे. त्या झेंड्याने कॉल पुन्हा सुरू होतो तो एकही बाइट गेलेला नसेल तेव्हाच. काही गेले असतील तर पोच कमीच येणार. आणि फार मोठा बफर असेल, तर लिनक्स एका राइटमध्ये २,१४,७४,७९,५५२ बाइटांच्या वर नेतच नाही.

आता मोजणी. मराठीत छापणाऱ्याने इथं थांबून नीट लक्ष द्यावं. राइटला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांची असते, आणि काना, मात्रा, हलन्त या स्वतंत्र खुणा असतात. ‘नमस्कार’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो. त्यात न, म, स, हलन्त, क, काना, र अशा सात खुणा आहेत, म्हणजे २१ बाइट, आणि ओळ मोडणारा एक धरून २२. हाताने मोजून आकडा लिहू नका. असेंब्लीत, नॅझमसारख्या असेंबलरात, मजकुराच्या लगेच खाली ‘डॉलर वजा लेबल’ असं लिहून लांबी असेंबलरकडूनच काढून घ्या. सी मध्ये साइझऑफ वापरलात तर शेवटचा शून्य बाइटही मोजला जातो, तो एक वजा करा, नाहीतर तोही छापला जाईल.

रजिस्टरांची, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागांची, सोयही लूप लिहिण्याआधी ठरवायची. ६४-बिट एक्स८६ लिनक्सवर राइटचा क्रमांक १, तो आरएएक्समध्ये. डिस्क्रिप्टर आरडीआयमध्ये, पत्ता आरएसआयमध्ये, संख्या आरडीएक्समध्ये. (३२-बिट एक्स८६ वर हाच क्रमांक ४ आहे आणि ६४-बिट एआरएमवर ६४, तेव्हा जुना कोड उचलताना तपासा.) कॉल परतला की आरएएक्समध्ये पोच असते, आणि आरसीएक्स व आर११ मधलं जे काही होतं ते गेलेलं असतं. उरलेल्या बाइटांचा आकडा लूपचा मोजणीदार म्हणून आरसीएक्समध्ये ठेवायची सवय अनेकांना असते, ती इथं घात करते. पुढचा पत्ता आर१२ मध्ये आणि शिल्लक आर१३ मध्ये ठेवा. हे दोन्ही बोलावणाऱ्या फंक्शनच्या मालकीचे आहेत, म्हणून फंक्शनच्या सुरुवातीला स्टॅकवर ठेवून शेवटी परत करा. आरएएक्समध्ये मात्र पोच येऊन बसते, तेव्हा दर फेरीला त्यात पुन्हा १ भरायला विसरू नका.

लूप स्वतः छोटाच आहे. शिल्लक शून्य असेल तर बाहेर. नसेल तर राइट करा, एरर नाही ना पाहा, पत्ता पोचेइतका पुढे सरकवा, शिल्लक तेवढीच कमी करा, पुन्हा वर जा. एकदा कागदावर चालवून पाहा. ‘नमस्कार’चे २२ बाइट आहेत आणि पहिली पोच ७ आली. न चे तीन, म चे तीन, आणि सातवा बाइट स चा पहिला. स चे तीन बाइट २२४, १६४, १८४ असे आहेत. त्यातला २२४ गेला, १६४ आणि १८४ आपल्याकडेच राहिले. इथं मन कचरतं. अक्षर अर्धं गेलं, मग स पासून पुन्हा पाठवावं का? अजिबात नाही. पुन्हा पाठवलंत तर पलीकडे २२४ दोनदा जाईल आणि तिथंच प्रश्नचिन्ह उमटेल. पत्ता ७ ने पुढे, शिल्लक १५, आणि जिथं थांबलं तिथूनच पुढे. टर्मिनल २२४ घेऊन उरलेल्या दोन बाइटांची वाट पाहत असतं, ते आले की स अखंड दिसतो. दोन कॉलच्या मध्ये स्वतःची नवी ओळ, स्पेस, काहीही घुसवू नका, एवढंच पथ्य.

मध्ये दुसऱ्याने घुसू नये याची तयारी वेगळी. दोन प्रोसेस एकाच पाइपमध्ये लिहीत असतील तर लिनक्सवर ४,०९६ बाइटांपर्यंतचा एक राइट अखंड जातो, त्यात दुसऱ्याचा मजकूर मिसळत नाही. पॉझिक्स या मानकाची हमी मात्र किमान ५१२ बाइटांचीच आहे. म्हणून लॉगची प्रत्येक ओळ एका राइटमध्ये, आणि शक्यतो ५१२ च्या आत बसवा. देवनागरीत हे जेमतेम १७० खुणा होतात, हे ओळीचा साचा ठरवतानाच लक्षात घ्या.

एररचा भाग सर्वात जास्त वेळ देण्यासारखा आहे. थेट सिस्टिम कॉलमध्ये एरर उणे आकड्याच्या रूपाने येते, उणे १ पासून उणे ४,०९५ पर्यंत. सी लायब्ररीच्या वेष्टणातून गेलात तर उणे १ येतं आणि खरा क्रमांक एररनो या चलात असतो. ही तपासणी पत्ता सरकवण्याच्या आधी झालीच पाहिजे. समजा शिल्लक १५ आहे, सिग्नलमुळे उणे ४ आलं, आणि तुम्ही ते न तपासता पोच म्हणून वापरलं. पत्ता चार बाइट मागे जाईल, शिल्लक १९ होईल, आणि आधी गेलेले चार बाइट पुन्हा छापले जातील. असा दोष आठवड्यातून एकदा दिसतो आणि शोधता शोधता माणूस थकतो. मी थकलो आहे.

कोणत्या एररला काय करायचं हे आधी कागदावर लिहा. ४, म्हणजे ई-इंटर: सिग्नलने अडवलं, काहीच गेलं नाही, तसाच पुन्हा कॉल करा. ११, म्हणजे ई-अगेन: पाइप भरलेला आहे. इथं नुसतं फिरत राहिलात तर प्रोसेसर शंभर टक्के तापतो, आणि ज्या वाचणाऱ्याने पाइप रिकामा करायचा त्याच्याच वाटणीचा वेळ खातो. पोल हा कॉल करा, ६४-बिट एक्स८६ वर क्रमांक ७. त्याला लागणारी रचना आठ बाइटांची आहे: चार बाइट डिस्क्रिप्टर, दोन बाइट ‘मला काय हवं’ यासाठी, त्यात लिहायला जागा हवी म्हणून ४, आणि दोन बाइट उत्तरासाठी. मुदत उणे १ दिली की जागा होईपर्यंत प्रोग्राम शांत झोपतो. नॉन-ब्लॉकिंग झेंडा आपणच उतरवून टाकावा असा मोह होतो, तो आवरा. तो झेंडा डिस्क्रिप्टरमागच्या सामायिक नोंदीवर असतो, म्हणजे तीच नोंद वापरणाऱ्या दुसऱ्या प्रोसेसचाही उतरतो, आणि तिचं काम तुमच्यामुळे अडकतं.

३२, म्हणजे ई-पाइप: वाचणारा निघून गेला. पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. बहुधा ही एरर दिसायच्या आधीच सिगपाइप, सिग्नल क्रमांक १३, प्रोग्रामला संपवतो आणि शेल १४१ हा कोड दाखवतं. पण वरच्या प्रोग्रामने सिगपाइपकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं असेल तर ते दुर्लक्ष तुमच्या प्रोग्रामलाही वारशाने मिळतं, मग ३२ तुमच्याच हातात येतो. ‘एरर आली की पुन्हा प्रयत्न’ असा सरसकट लूप लिहिला असेल तर तो तिथंच कायमचा फिरत बसेल. २८ म्हणजे डिस्क भरली: थांबा, डिस्क्रिप्टर २ वर (एरर छापायची जागा) एक ओळ लिहा, आणि शून्य नसलेल्या कोडने बाहेर पडा. बाकी सगळ्या क्रमांकांनाही हेच. शिल्लक असताना पोच शून्य आली तर तीही एररच धरा, नाहीतर लूप हलणार नाही.

चाचणीचं सामान कोड लिहायच्या आधी मांडून ठेवा, नंतर ते राहूनच जातं. माझ्या अनुभवात सर्वात उपयोगी युक्ती सगळ्यात साधी आहे: चाचणीच्या बिल्डमध्ये एका कॉलला ७ च्या वर बाइट द्यायचेच नाहीत. तीनने भाग न जाणारा आकडा मुद्दाम घ्यायचा, म्हणजे देवनागरी खुणा सतत मधोमध तुटतात. निघालेलं आउटपुट मूळ मजकुराशी सीएमपी या कमांडने बाइटागणिक जुळवा. दुसरी चाचणी डेव्ह डिरेक्टरीतल्या फुल नावाच्या डिव्हाइसची, तिथं वळवलं की प्रत्येक राइटला २८ मिळतो, आणि तुमचा एक्झिट कोड शून्य येतो का ते लगेच कळतं. तिसरी, आउटपुट हेड कमांडला जोडून एकच ओळ वाचायला लावा, मजकूर मात्र पाइपच्या क्षमतेहून मोठा घ्या. एसट्रेस या, सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनाने ठरावीक राइटला ई-इंटर किंवा ई-अगेन घुसवता येते, तेही करा. त्यानेच खोटी कमी पोचही देता येते, पण तेव्हा खरा राइट होतच नाही, म्हणून आउटपुट जुळवायला ती पद्धत वापरू नका.

सी लायब्ररीचं प्रिंटएफ वापरणाऱ्यांसाठी एवढंच, की कमी पोचेचा लूप लायब्ररी स्वतः चालवते. पण शेवटी एफफ्लशचा (साठलेला मजकूर बाहेर ढकलणाऱ्या फंक्शनचा) परतावा तपासा. आणि एकाच डिस्क्रिप्टरवर प्रिंटएफ आणि थेट राइट मिसळायचे असतील तर प्रत्येक थेट राइटच्या आधी एफफ्लश करा, एरवी ओळींचा क्रम उलटतो.

शेवटी बाहेर पडण्याचा कोड. तो लूपच्या निकालावरून ठरवा: शिल्लक शून्य झाली तरच शून्य. नेटवर्कवरच्या फाइलीत लिहीत असाल तर क्लोजची एररही पाहा, काही वेळा डिस्क भरल्याची बातमी तिथं पोचते.

माझा तो प्रोग्राम मी या क्रमाने पुन्हा लिहिला आणि त्याच पाइपवर एसट्रेस लावून बसलो. पहिली पोच ६५,५३६. दुसरी उणे ११. मग पोल, आणि क्षणभर काहीच हालचाल नाही. वाचणाऱ्याने पाइप रिकामा केला, पोल परतला, आणि तिसरी पोच आली २५,७०४. पलीकडच्या खिडकीत ‘शिल्लक’ शब्द पुरा झाला होता, त्याखाली बेरजेची ओळही होती.