चालू घडामोडींची फाइल कशी करावी: खान्देशातल्या उमेदवारांसाठी

आपल्याकडच्या अभ्यासिकांमध्ये चालू घडामोडी म्हणजे टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफ आणि एका ओळीच्या नोंदींचं पाठांतर. एवढी मेहनत करूनही राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेच्या दिवशी पर्याय सारखेच वाटू लागतात, कारण बातमी नकाशाला जोडलेली नसते आणि अभ्यासक्रमालाही नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांना इथे एक मोठी सोय आहे. देशातल्या कितीतरी बातम्यांचं एक टोक आपल्याच तालुक्यात सापडतं. ते धरूनच पुढे जायचं.

सुरुवात प्रश्नपत्रिकांपासून करा. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका मिळतात. त्यातले चालू घडामोडींचे प्रश्न काढून प्रत्येकासमोर विषय लिहा: राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, पर्यावरण, भूगोल, योजना. दोन दिवस जातील, पण कोणती बातमी सोडायची हे एकदाचं कळेल. मोर्चे, पक्षांतरं, अपघात यांवर वेळ घालवू नका.

मग साधनं ठरवा आणि वर्षभर बदलू नका. एक चांगलं मराठी वर्तमानपत्र, पत्र सूचना कार्यालयाची मराठी निवेदनं, राज्य शासनाचं ‘लोकराज्य’ आणि केंद्राचं ‘योजना’ पुरे. केंद्राचा आर्थिक पाहणी अहवाल अर्थसंकल्पाच्या तोंडावर येतो, राज्याचा साधारण मार्चमध्ये. हे दोन्ही मात्र मूळ अहवालातूनच वाचा, सारांशावर भागवू नका.

आता फाइल. बांधीव वही घेऊ नका, पंच केलेले सुटे कागद घ्या. तारखेप्रमाणे लिहिलेल्या नोंदी पुन्हा कुणी वाचत नाही, म्हणून एका विषयाला एक पान द्या आणि पानाचा खालचा तिसरा भाग कोरा ठेवा. चार महिन्यांनी त्याच विषयाची पुढची बातमी आली की ती तिथेच बसते.

एक पान भरून पाहू. वर मथळा: मनमाड–इंदूर रेल्वेमार्ग. 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीची मंजुरी, लांबी 309 किलोमीटर, खर्च 18,036 कोटी रुपये, 30 नवी स्थानकं, दोन राज्यांतले सहा जिल्हे. बहुतेक मासिकं इथेच थांबतात. आपण शेजारी हाताने नकाशा काढायचा: मनमाड, मालेगाव, धुळे, शिरपूर, पुढे सातपुडा, नर्मदा, इंदूर. धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग भेटतात, पण प्रवासी गाडी मात्र वर्षानुवर्षं चाळीसगावच्या फाट्यावरूनच येत आली. हे लिहिलंत की या मार्गाची गरज पाठ करावी लागत नाही. वाटेतला मध्य प्रदेशातला बडवानी हा आकांक्षित जिल्हा, म्हणजे केंद्राने विशेष लक्ष देण्यासाठी निवडलेला मागे राहिलेला जिल्हा, म्हणून पान निती आयोगाशी जोडा. त्याला पीएम गतिशक्ती हा केंद्राचा पायाभूत सुविधांचा आराखडा जोडा, आणि रेल्वे हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीत येतो, हेही. एका बातमीतून भूगोल, अर्थव्यवस्था आणि राज्यव्यवस्था तिन्ही हाताशी आले.

प्रकल्पांच्या बातम्यांत सगळ्यात जास्त मुलं टप्प्यांवर चुकतात, म्हणून याकडे नीट लक्ष द्या. घोषणा, मंत्रिमंडळाची मंजुरी, प्रशासकीय मान्यता, अर्थसंकल्पातली तरतूद, निविदा, प्रत्यक्ष काम, हे सगळे वेगवेगळे टप्पे. आपल्याकडे गिरणाकाठचं प्रत्येक घर नार-पार-गिरणा नदीजोडविषयी वर्षानुवर्षं ऐकत आलंय. नार आणि पार या सुरगाणा, पेठ भागातल्या पश्चिमवाहिनी नद्या, त्यांचं पाणी उचलून गिरणा खोऱ्यात आणायचं, ही योजना. 2024 मध्ये राज्याने तिला सुमारे 7 हजार कोटींची मान्यता दिली. ‘मान्यता मिळाली’ आणि ‘पाणी आलं’ यांत किती अंतर असतं ते आपल्या शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही. उमेदवारालाही ते नेमकं लिहिता आलं पाहिजे. प्रत्येक पानावर ‘सध्या कोणता टप्पा’ ही ओळ ठेवा, तारखेसह आणि पेन्सिलने.

नंदुरबारच्या मुलांनी आपलं पान सगळ्यात आधी करावं, कारण या जिल्ह्यातून अर्धी राज्यव्यवस्था शिकता येते. 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचं आदिवासी क्षेत्र, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996, वनहक्क कायदा 2006, 2018 पासून आकांक्षित जिल्हा. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. सरदार सरोवराचं पुनर्वसन अक्कलकुवा, धडगावशी जोडलेलं. रावेर-यावलच्या मुलांनी केळीचं पान करावं: 2016 चं भौगोलिक मानांकन, हवामानावर आधारित फळपीक विमा, सीएमव्ही या विषाणूजन्य रोगामुळे उपटून टाकाव्या लागणाऱ्या बागा.

उजळणी दर रविवारी, पान झाकून. मथळा वाचायचा आणि कोऱ्या कागदावर नकाशा, टप्पा, कायदा उतरवायचा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा महिन्यातून किमान चार पानांवर 200 शब्दांचं उत्तर लिहून मित्राकडून तपासून घ्या. उत्तरात आपल्या जिल्ह्याचं उदाहरण एकदाच द्या आणि त्याच्या शेजारी राज्याचा किंवा देशाचा संदर्भ ठेवा, नाहीतर उत्तर गावापुरतं राहतं.

परीक्षेच्या महिनाभर आधी नवी पानं उघडणं बंद करा. फक्त पेन्सिलच्या ओळी ताज्या करा, योजनांची सुरुवात आणि मंत्रालयं तपासा. मुलाखतीला हीच फाइल न्या, कारण तिथे पहिला प्रश्न बहुधा जिल्ह्यावरच येतो.