कंपनीतली कुजबुज: सुपरवायझर आणि एचआरने नेमकं काय करायचं

चाकणच्या एखाद्या कारखान्यात पहिली शिफ्ट सुटताना गेटवर कोणीतरी म्हणतं, "दुसरी लाइन बंद होणार म्हणे." कंपनीची बस निगडीला पोचेपर्यंत कोणाकोणाला काढणार, त्यांची नावंही ठरलेली असतात. हिंजवडीतल्या ऑफिसात हेच टपरीवरच्या कटिंगबरोबर घडतं, फक्त विषय अप्रेझलचा असतो.

अशा वेळी बहुतेक साहेब आधी विचारतात, "हे सुरू कोणी केलं?" इथेच घोडचूक होते. उगम सहसा सापडत नाही. चौकशी सुरू झाली की माणसं साहेबांसमोर गप्प होतात आणि बोलणं गेटबाहेर जातं. शिवाय एवढी शोधाशोध चाललीय म्हणजे बातमीत तथ्य असणार, असाच अर्थ सगळे काढतात. त्यामुळे बोलणारा शोधण्याआधी बोलणं कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. नोकरी-पगाराबद्दलची अफवा, एखाद्या माणसाबद्दलची बदनामी आणि साहेबांचे कान भरणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

अफवा तिथेच उठते, जिथे गोष्ट जिव्हाळ्याची असते आणि माहिती अर्धवट असते. जिव्हाळा कमी करता येत नाही, म्हणून माहिती द्यायची, आणि तीही त्याच दिवशी. शिफ्टच्या सुरुवातीच्या मीटिंगमधली दहा मिनिटं पुरतात. त्यात तीनच गोष्टी सांगा: काय ठरलंय, काय अजून ठरलेलं नाही, आणि पुढची माहिती कोणत्या तारखेला मिळेल. उदाहरणार्थ, "दुसऱ्या लाइनवरची एक ऑर्डर या महिन्यात संपतेय. नवी ऑर्डर अजून पक्की नाही. २० तारखेला याच वेळी मी पुन्हा सांगेन." २० तारखेला सांगण्यासारखं काही नसलं तरी उभं राहून तेवढं सांगायचंच. ही तारीख चुकवली की पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही.

मजकूर आधी कागदावर लिहा आणि तिन्ही शिफ्टमध्ये तोच वाचा. रात्रपाळी हमखास राहून जाते. कंत्राटी कामगारही राहतात, आणि खरी धास्ती त्यांनाच असते. त्यांच्या ठेकेदाराच्या सुपरवायझरलाही बोलवा. नोटीस बोर्डावर मराठी आणि हिंदीत, तारीख-वेळ घालून कागद लावा. "अफवांवर विश्वास ठेवू नका" असं लिहू नका, त्याने ज्यांच्या कानावर काही आलं नव्हतं तेही विचारू लागतात. आणि खात्री नसताना "कोणालाही काढणार नाही" असा शब्द तर कधीच देऊ नका.

काही अफवांचा हंगाम ठरलेला असतो. बोनसची दिवाळीआधी उठते. पात्र कामगारांना कायद्याने किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के बोनस मिळतो आणि तो आर्थिक वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांत द्यायचा असतो. म्हणजे कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपत असेल, तर मुदत ३० नोव्हेंबर. गणपती झाले की लगेच जमा होण्याची तारीख जाहीर करा. आकडा ठरला नसेल तर तो कधी ठरेल ते सांगा. पगार, कामाचे तास, युनियन यांबद्दल माणसं आपसांत बोलतात त्याला चहाडी समजून बंदी घालू नका. तो त्यांच्या पोटापाण्याचा विषय आहे.

माणसाबद्दलच्या कुजबुजीत मात्र सगळ्यांना गोळा करून बोलणं म्हणजे आगीत तेल. कोणाचा घटस्फोट, कोणाचं आजारपण, "तिला बढती कशी मिळाली ते माहितीये" हे बोलणं एखाद्याला नोकरी सोडायला लावतं. आधी जिच्याबद्दल बोललं जातंय तिला बंद खोलीत भेटा. तिच्या कानावर काय आलंय आणि तिला काय व्हायला हवंय ते विचारा. मग दोन दिवसांच्या आत बोलणाऱ्याला एकट्याला बोलवा. तुम्ही स्वतः ऐकलेलं नसेल तर आरोप करू नका, विचारा: "मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही क्वालिटीच्या मॅडमच्या बढतीबद्दल काही बोललात का?" त्याची बाजू पूर्ण ऐका. कबूल केलं तर एवढंच: "त्यामुळे त्यांना लाइनवर उभं राहणं अवघड झालंय. हे आजपासून थांबायला हवं. बढतीबद्दल तक्रार असेल तर ती माझ्याकडे आणा." पंधरा मिनिटांत संपवा. "तुम्ही चहाडखोर आहात" अशी स्वभावावर टीका नको, त्या दिवशीचे शब्द आणि त्यांचा परिणाम एवढंच बोला. तारीख, काय विचारलं आणि काय ठरलं याची चार ओळींची नोंद ठेवा.

बोलणं लैंगिक स्वरूपाचं असेल तर सुपरवायझरने ते परस्पर मिटवू नये. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान वर्कशॉपमधल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. लेखी तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. तक्रारदाराचं नाव आणि चौकशीतला मजकूर बाहेर फोडायला कायद्यानेच मनाई आहे, म्हणून तिची फाइल एचआरच्या टेबलावर उघडी पडलेली दिसता कामा नये.

व्हॉट्सॲपवर कंपनीचा अधिकृत ग्रुप असेल तर त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. कामगारांच्या खासगी ग्रुपमध्ये आपला माणूस पेरू नका आणि कोणाचा फोन मागू नका. तिथे कोणाची बदनामी झाली आणि त्या व्यक्तीने तारखेसकट स्क्रीनशॉट आणून दिला, तर तो पुरावा म्हणून घ्या.

राहिले कान भरणारे. त्यांची सवय साहेबच लावतात. केबिनमध्ये चहा पाजून "खाली काय चाललंय?" विचारणाऱ्याला रोज काहीतरी ऐकायला मिळणारच, आणि चार महिन्यांत त्या खात्यात दोन गट पडलेले असतात. कोणी दुसऱ्याची कागाळी घेऊन आला की पहिला प्रश्न एकच: "हे तुम्ही त्यांच्याशी बोललात का?" नसेल तर, "चला, आत्ता तिघं बसू." सुरक्षेचा, पैशांच्या अफरातफरीचा किंवा छळाचा मामला असेल तर हा नियम लावू नका. तिथे सांगणाऱ्याचं नाव गुप्तच राहायला हवं.

दोन आठवड्यांनी नोंदवही उघडा. जिच्याबद्दल बोललं गेलं तिला पुन्हा भेटा आणि ती पूर्वीसारखी सगळ्यांबरोबर कॅन्टीनमध्ये जेवायला बसते का, की अजून डबा घेऊन एकटीच जागेवर बसते, ते बघा. एकटीच बसत असेल तर बोलणं थांबलेलं नाही; त्या माणसाला दुसऱ्यांदा बोलवा, आणि या वेळी लेखी समज द्या.