थार : आधी ब्रेक, मग आतली मांडणी

नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्रा थार ही ऑफ-रोड, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी गाडी २०१० साली बाजारात आली आणि २०२० साली तिची दुसरी पिढी आली. या दोन्ही तीन दरवाज्यांच्या गाड्या बाजारात आल्या तेव्हा पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी चकती पॅडने आवळणारे) आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक (बंद डब्याच्या आत शू दाबणारे) होते. चिखलात, ओढ्यात आणि घाटात फिरणाऱ्या गाडीचे दुखणे समजून घेताना ही रचना लक्षात ठेवावी लागते, कारण डिस्क उघडी असल्यामुळे पाण्यातून निघाल्यावर लवकर कोरडी होते, तर ड्रममध्ये शिरलेले पाणी आणि बारीक वाळू तेथेच राहते. पुष्कळ जण गाडी हाती येताच सीट, दिवे आणि मागच्या पेट्यांवर खर्च करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आत चढवलेला प्रत्येक किलो शेवटी ब्रेकलाच थांबवावा लागतो, म्हणून ब्रेक निर्दोष असल्याची खात्री झाल्यावरच आतल्या कामाला हात घालावा.

तपासणीची सुरुवात इंजिन बंद ठेवून पेडलपासून करावी. पेडल चारपाच वेळा दाबून ते कडक झाले की पाय तसाच दाबून ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. बूस्टर, म्हणजे निर्वाताच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा भाग, ठीक असेल तर पेडल किंचित खाली जाते. ते जागचे हलले नाही, तर बूस्टरला निर्वात मिळत नाही असे समजावे. डिझेल इंजिनात हे काम स्वतंत्र व्हॅक्यूम पंप करतो, त्यामुळे आधी पंपापासून बूस्टरपर्यंतची रबरी नळी, तिची पकड आणि एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह पाहावा, आणि ते ठीक असतील तरच पंपाकडे किंवा बूस्टरकडे वळावे. नळीची बारीक चीर शोधायला काही मिनिटे पुरतात, तर बूस्टर बदलण्याचा खर्च मोठा असतो.

पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल आणि दोनतीनदा भराभर दाबल्यावर वर येत असेल, तर ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरलेली असते किंवा ब्रेक ऑइल जुने झालेले असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, आणि त्याचा परिणाम घाटात दिसतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू मानकानुसार किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास हे जुने ऑइल उकळते, त्याची वाफ होते आणि वाफ दबत असल्यामुळे पाय थेट तळाला जातो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलावे, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच सीलबंद डब्यातले ऑइल घ्यावे आणि सिलिकॉनचे डॉट ५ त्यात कधीही मिसळू नये. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. ज्या गिअरमध्ये इंजिनच वेग रोखून धरील तो गिअर घ्यावा, आणि दगडधोंड्यांच्या तीव्र उतारावर फोर लो (चारही चाके चालवणारी कमी वेगाची गिअर-श्रेणी) वापरावे.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याच्या कामाला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकामागचे निपल (ऑइल बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू) पान्याने सैल करून पारदर्शक नळीतून ऑइल बाटलीत येऊ द्यावे, आणि निपल घट्ट झाल्याशिवाय पेडलवरचा पाय उचलू नये. उजवीकडे स्टीअरिंग असलेल्या जुन्या थारमध्ये मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबताच ऑइल ढकलणाऱ्या भागापासून) सर्वांत लांबचे चाक मागचे डावे असते, म्हणून तेथून सुरुवात करून मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा क्रम ठेवतात. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत मात्र कंपनीच्या पुस्तिकेतील क्रमच पाळावा. वरची टाकी रिकामी होऊ दिली तर पुन्हा हवा शिरते आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. सांडलेले ऑइल रंग खाते, ते लगेच पाण्याने धुवावे. चाक काढून काम करताना गाडी केवळ जॅकवर कधीही ठेवू नये, स्टँड लावावेत.

पाय दाबून ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कोठेही ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले सील गेलेले असण्याची शक्यता मोठी असते. टाकीतील पातळी कमी झाली असेल तर दोनच कारणे संभवतात, पॅड झिजले आहेत किंवा गळती आहे. गळती शोधताना चारही चाकांची आतली बाजू पाहावीच, पण ऑफ-रोड गाडीत चासीपासून (गाडीच्या सांगाड्यापासून) मागच्या ॲक्सलकडे जाणारी आणि पुढच्या कॅलिपरकडे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाकडे) जाणारी रबरी होज अधिक बारकाईने पाहावी. उंची वाढवण्याचे किट बसवलेल्या गाडीत चाक खड्ड्यात लोंबते तेव्हा ही होज ताणली जाते, आणि मोठ्या टायरच्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर तिला घासू शकतो. दोन्ही टोकांना स्टीअरिंग वळवून आणि चाक पूर्ण लोंबू देऊन ही तपासणी केली पाहिजे, सपाट जमिनीवर उभ्या गाडीत हा दोष दिसत नाही.

ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरमधील हवा मोजावी, कारण चिखलासाठी कमी केलेली हवा पुन्हा भरताना चारही चाकांत सारखी भरली जातेच असे नाही. हवा सारखी असूनही गाडी ओढत असेल, तर थोडे अंतर चालवून प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन उष्णता जोखावी. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापलेले असेल तर तेथील कॅलिपरच्या पिना चिखलाने अडकलेल्या असतात. त्या काढून, साफ करून, ब्रेकसाठीचे ग्रीस लावून बसवाव्यात. पॅडचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला की ते बदलावेत आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी तिची जाडी ताडून पाहावी.

ओढा ओलांडल्यावर पहिल्या काही अंतरात पेडल हलके दाबत गाडी हळू चालवावी, म्हणजे ड्रममधील शूंवरचे लायनर (घर्षणाचे थर) कोरडे होतात. चिखलातून आल्यावर तेवढे पुरत नाही. ड्रम उघडून आतली माती पाण्याने धुवावी, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, कारण लायनरची धूळ फुफ्फुसांना घातक असते. हँडब्रेक धरत नसेल तर थेट केबल ओढून घेण्याआधी मागच्या शूंचे ॲडजस्टमेंट पाहावे. एबीएसचा दिवा लागल्यास चाकाजवळच्या सेन्सरवरचा चिखल आणि तुटलेली तार पाहावी. साधा ब्रेक त्या अवस्थेतही चालतो. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही जात नसेल तर मात्र गाडी तेथेच थांबवावी.

आतल्या कामात सर्वांत महत्त्वाची जागा चालकाच्या पायाखालची आहे. एकावर एक मॅट घालू नयेत, मॅट हुकात अडकवलेली असावी, आणि इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल पूर्ण दाबून कोठे अडत नाहीत हे पाहावे. पाण्याची बाटली, टॉर्च किंवा अग्निशामक सिलिंडर सुटा ठेवला तर उतारावर तो घरंगळत पेडलखाली जाऊ शकतो. सिलिंडर चालकाच्या हाताला लागेल अशा जागी, पण धातूच्या पट्टीने आवळून बसवावा.

दुसऱ्या पिढीच्या थारमध्ये तळाला पाणी काढून टाकण्याची बुचे दिलेली आहेत. त्यावर जाड कार्पेट चिकटवण्यात शहाणपण नाही, कारण पावसाळ्यात ते ओल धरते आणि खालचा पत्रा गंजतो. उचलून धुता येईल असे जाड रबर आणि सीटला चांगल्या प्रतीचे रेक्झिन, हीच जोडी कोकणातल्या पावसात टिकते. डॅशबोर्डवर मोबाइलची पकड बसवताना एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नये.

मागे सामानाची पेटी करायची असेल तर आधी वजनाचा हिशेब मांडावा. २० लिटर पाणी म्हणजेच २० किलो, त्यात हत्यारे, टायरची हवा भरण्याचा पंप, दोर आणि प्लायवूडची पेटी मिळवली की एका माणसाइतके वजन सहज भरते, आणि मागे प्रवासी बसणार असतील तर गाडीच्या कमाल अनुज्ञेय वजनातून ते वजा करावेच लागते. जड वस्तू तळाशी आणि पुढच्या सीटच्या पाठीजवळ ठेवावी, छतावर नको. पेटी बोल्टने कसताना गाडीत असलेली मूळ भोके वापरता आली तर उत्तम; नवे भोक पाडायचेच असेल तर आधी गाडीखाली जाऊन ब्रेकचे पाइप, डिझेलचे पाइप आणि टाकी कोठे आहे हे डोळ्यांनी पाहावे, भोकाच्या कडेला गंजरोधक प्रायमर लावावा आणि खालून रुंद पट्टी देऊनच बोल्ट आवळावा.

दिवे किंवा छोटा फ्रिज जोडताना बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर बॅटरीजवळच फ्यूज असावा. १२ व्होल्टवर ६० वॅटचे उपकरण ५ अँपिअर प्रवाह घेते, त्यावरून तारेची जाडी आणि फ्यूज ठरवावा. पत्र्यातून तार नेताना भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (तार घासू न देणारी कडी) घालावा, आणि पेडलच्या दांड्याजवळून एकही तार लोंबू देऊ नये. एबीएसच्या मूळ वायरिंगमधून जोड काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो स्पष्टपणे नाकारावा.

सीटची संख्या किंवा मूळ रचना बदलणारी कामे करण्यापूर्वी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ विचारात घ्यावे आणि आरटीओकडे चौकशी करावी. सगळे काम झाल्यावर पूर्ण सामान भरून मोकळ्या मैदानात कमी वेगाने ब्रेक लावून पाहावा, गाडी सरळ थांबते का आणि पेटी हलते का हे तपासावे, आणि पहिल्या खडबडीत फेरीनंतर पेटीचे व सीटचे सर्व बोल्ट पुन्हा एकदा पान्याने आवळावेत.