हार्डटेल घ्यायची तर आधी मागचं चाक बघा

भाच्याला हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली डोंगरवाटांची सायकल, घ्यायची होती. त्याचा फोन आला, "मामा, एकवीस गिअरची भेटायलीय, घेऊ का?" म्हटलं, गिअर मोजू नकोस. दुकानातच मागचं चाक जरा उचल, पायडल उलटं फिरव आणि मागच्या सगळ्यात लहान चकतीच्या आतली खाचांची रिंग बघ. चकत्यांबरोबर ती रिंग फिरली तर कॅसेट, म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) सरकवून बसवलेला चकत्यांचा संच; जागेवर थांबली तर फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी आवळलेला संच. तीन गुणिले सात अशा एकवीस गिअरच्या सायकलींना बहुतेक वेळा फ्रीव्हीलच असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग बरंच आत येतं, धुरा टोकाला उघडा राहतो आणि खडकाळ उतारावर आपटून आपटून वाकतो. शिवाय नंतर जास्त गिअरचा संच बसवायचा म्हटलं की मागचं चाकच नवीन घ्यावं लागतं. कॅसेटवाली, मागे आठ किंवा नऊ चकत्यांची घेतली तर ही कटकट नाही.

दुसरी नजर हँडलखालच्या नळीवर टाका. ती खाली रुंद आणि वर अरुंद असेल, म्हणजे टेपर्ड असेल, तर उद्या चांगला एअर शॉकअप, म्हणजे हवेवर चालणारा पुढचा फोर्क, बसवता येतो. वरपासून खालपर्यंत एकसारखी बारीक असेल तर पर्याय फार थोडे उरतात. बाकी रंग, स्टिकर, बाटलीचा स्टँड यावर वेळ घालवू नका. माप मात्र बघा. दांडी दोन्ही पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभं राहिल्यावर वरच्या दांडीत आणि तुमच्यात चार बोटं तरी जागा हवी.

आता पैसे कुठे घालायचे? आपल्या मराठवाड्यात पहिला मान टायरचा. संभाजीनगरजवळच्या सातारा डोंगराकडे जा नाहीतर सुलीभंजनच्या पायवाटांवर, बाभळीचा काटा ठरलेला. वेडी बाभूळ तर बांधाबांधावर आहे. ट्यूबवर चालवणाऱ्याची निम्मी सकाळ पंक्चर काढण्यात जाते. रिम ट्यूबलेस बसणारी असेल तर टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट (भोक बुजवणारं द्रव) घालून घ्या. 29 इंची चाकाला साधारण 100 मिली पुरतं. काटा दिसला म्हणून वाटेत उपटू नका, तो स्वतःच बूच होऊन बसतो. घरी आल्यावर काढा, चाक फिरवा, सीलंट भोक बुजवतं. फक्त आपल्याकडे पारा 42 ला टेकला की सीलंट भराभर वाळतं. कंपनी काहीही सांगो, मी उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी थोडं थोडं भरतो.

हवा हा फुकटातला अपग्रेड. पंक्चरच्या दुकानातला पोरगा 50 पीएसआय भरून मोकळा होतो आणि मग मुरमाच्या उतारावर सायकल नुसती नाचते. माझं वजन पंच्याहत्तरच्या आसपास. ट्यूबलेस सव्वादोन इंची टायरला पुढे 22, मागे 25 पुरते. ट्यूब असेल तर चार-पाच वाढवा, नाहीतर रिमखाली ट्यूब चिमटते.

ब्रेक तारेचे असतील तर पुढचा नंबर त्यांचा. म्हैसमाळवरून उतरताना बोटं आखडली की कळतं. शिमानोचे साधे एमटी200 हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेकसुद्धा पुष्कळ झाले.

शॉकअप बदलण्याची घाई सगळ्यांना असते. आधी हिशोब करा: बरेचसे चांगले एअर फोर्क 15 मिमीच्या आरपार धुऱ्याचे येतात, म्हणजे पुढचं चाकही बदलावं लागतं. त्या पैशात दुसरी चांगली सायकल दिसायला लागते. तरीही घेतलाच तर शॉक पंप, म्हणजे फोर्कमध्ये हवा भरायचा पंप, सोबत घ्या. फोर्कच्या नळीला रबरी रिंग लावा, सायकलवर हळूच बसा, उतरा आणि रिंग किती सरकली ते मोजा. 100 मिमीच्या फोर्कला 20 ते 25 मिमी सरकायला हवी. कमी सरकली तर हवा काढा, जास्त सरकली तर भरा.

गिअर शेवटी. पुढे एकच चकती आणि मागे शिमानोच्या डिओरेची अकरा गिअरची 11-51 कॅसेट (लहान चकतीला 11 दाते, मोठीला 51) हा माझा आवडता जोड, कारण ती साध्या हबवरच बसते. बारा गिअरच्या डिओरेला मात्र हबचा वेगळा सांगाडा लागतो.

पावसाळ्यात काळ्या रानात सायकल घालू नका. माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये गच्च बसते, चाक अडतं, आणि तसंच रेटलं की मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) हँगरसकट, म्हणजे तो ज्या पट्टीवर टांगलेला असतो तिच्यासकट, मोडतो. दर फ्रेमचा हँगर वेगळा असतो, आपल्या गावात मिळेलच असं नाही. म्हणून सायकल घेतानाच त्या मॉडेलचा एक जास्तीचा हँगर मागून घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.