पीटीच्या तासाला जाड मूल बाहेर उभे राहू नये म्हणून : शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी

साधारण 40 किलो वजनाचे मूल 20 मिनिटे मध्यम गतीने धावले, तर 80 ते 100 किलोकॅलरी खर्च होतात. शाळेच्या फाटकाबाहेर मिळणाऱ्या एका वडापावात याच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते. हा हिशेब सुरुवातीलाच मांडण्याचे कारण असे की, मुलांमधील लठ्ठपणाची चर्चा निघाली की पालकसभेत हमखास कोणीतरी म्हणते, ‘पीटीचे तास वाढवा, मुले बारीक होतील.’ तसे सहसा होत नाही. शाळेतला व्यायाम वाढवून पाहणाऱ्या अनेक देशांतल्या अभ्यासांत मुलांचा दम आणि तंदुरुस्ती सुधारलेली दिसते, परंतु तेवढ्याने बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) फारसा हललेला दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे, म्हणजे आठवड्याला 420 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी. आपल्या वेळापत्रकात 35 मिनिटांचे दोन तास धरले आणि मुले त्यातला प्रत्येक क्षण धावली असे मानले, तरी ती 70 मिनिटे होतात, म्हणजे गरजेचा सहावा भाग. उरलेले पाच भाग संध्याकाळी, रविवारी आणि सुट्टीत भरून निघायचे असतात. ते भरून निघावेत इतकी गोडी आणि इतके कसब मुलाला त्या सहाव्या भागात मिळाले की नाही, हीच आपल्या कामाची खरी कसोटी आहे. पुढील सूचना या एकाच दृष्टीने लिहिल्या आहेत.

प्रथम घड्याळ लावून पाहावे

कोणताही बदल करण्यापूर्वी आपल्या तासाला मुले प्रत्यक्षात किती वेळ हलतात ते मोजावे. चार मुले मनाशी निवडावीत : एक चपळ, एक सर्वसाधारण, एक जाड आणि एक मागे मागे राहणारी मुलगी. कोणालाही न सांगता, दर मिनिटाला एकदा प्रत्येकाकडे पाहून ते मूल उभे आहे, चालत आहे की धावत आहे एवढेच टिपावे. मी माझ्याच तासाला प्रथम असे मोजले, तेव्हा चपळ मुलगा अर्ध्याहून अधिक वेळ धावत होता आणि जाड मुलाची मात्र दहा मिनिटेही भरली नव्हती. वर्गातून रांगेने खाली येणे, हजेरी, ‘सावधान-विश्राम’, गट पाडणे आणि मग आपली पाळी येण्याची वाट पाहणे यांत त्याचा तास संपला होता. ज्याला हालचालीची सर्वांत अधिक गरज, त्याच्या वाट्याला ती सर्वांत कमी येते, हे त्या दिवशी कागदावर पाहून मला फार वाईट वाटले, कारण त्या तासाची आखणी मीच केली होती. तासाचा निम्मा वेळ तरी प्रत्येक मुलाने मध्यम किंवा त्याहून अधिक जोराने हलले पाहिजे, ही अपेक्षा डोळ्यांसमोर ठेवावी. जोर ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही : मुलाला बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तर हालचाल मध्यम आहे, आणि दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर ती जोरकस आहे.

पन्नास-साठ मुले आणि चिंचोळे पटांगण

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले असले, तरी मुंबईत दोन सत्रांत भरणाऱ्या कितीतरी शाळांच्या वाट्याला इमारतीपुढचे फरसबंद अंगण किंवा गच्चीच येते. त्यामुळे येथे जागेपेक्षा रचनेकडे अधिक लक्ष द्यावे लागते. सर्वांत मोठा दोष बाद होण्याच्या खेळांचा आहे. लंगडी, डॉजबॉल यांत जो हळू तो आधी बाद होतो आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसतो. हे खेळ सोडण्याची गरज नाही, फक्त नियम बदलावा : बाद झालेल्या मुलाने बाजूला जाऊन दहा वेळा उठ-बस न करता (ती शिक्षा वाटते) चेंडू भिंतीवर वीस वेळा टाकून झेलावा आणि पुन्हा खेळात यावे. खो-खोचे पूर्ण मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असते आणि पाठलाग करणाऱ्या नऊपैकी आठ जण एका वेळी बसलेले असतात. म्हणून तासाला पाच-पाचांचे छोटे खो-खो लावावेत आणि ‘खो’ लवकर देण्याचा नियम करावा. लगोरीचेही तसेच. एका डावाऐवजी तीन डाव, सात-सात मुलांचे.

लेझीम हा आपल्याकडचा सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ती फक्त शिवजयंती आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकीपुरती बाहेर काढली जाते. वास्तविक लेझमीला धावपट्टी लागत नाही, कोणी बाद होत नाही, कोणी पहिला-शेवटचा येत नाही, साठ मुले एकाच वेळी हलतात आणि हलगीचा ठेका वाढवला की दहा मिनिटांत सर्वांना घाम फुटतो. जाड मुले पुष्कळदा ठेक्याला पक्की असतात. त्यांना पुढच्या ओळीत उभे करावे. गच्चीवर ढोल-हलगीचा आवाज खालच्या वर्गांना त्रास देत असेल, तर टाळ्यांचा ठेकाही पुरतो.

उरलेल्या वेळात वर्गाचे सहा गट करून सहा जागा आखाव्यात : दोरीउड्या, चेंडू फेक-झेल, जिन्याच्या दोन पायऱ्यांवर चढ-उतार, रस्सीखेच, सूर्यनमस्कार आणि खडूने आखलेल्या घरांतून उड्या. प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटे, मग शिटी. हजेरी मुले हलत असतानाच घ्यावी. जून ते सप्टेंबर पावसामुळे अंगण बंद असते, तेव्हा हाच क्रम व्हरांड्यात किंवा बाके भिंतीला लावून वर्गातच चालवावा. पावसाळ्यात पीटीचा तास म्हणजे ‘ऑफ तास’ ही सवय वर्षातले चार महिने खाऊन टाकते.

जाड मुलाशी वागताना

‘जाड्या’, ‘ढोल्या’, ‘भोपळा’ हे शब्द शिक्षकाच्या तोंडून एकदाही येऊ नयेत आणि मुलांच्या तोंडून आले तर खेळ तिथेच थांबवावा. चिडवले गेलेले मूल खेळापासून दूर जाते, त्यामुळे हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. त्याच कारणाने पळणे ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. गृहपाठ न केल्याबद्दल ‘मैदानाला पाच फेऱ्या मार’ असे आपण म्हणतो, तेव्हा धावणे म्हणजे अपमान, हा धडा आपण त्याला पक्का करून देतो आणि नंतर त्यानेच आनंदाने धावावे अशी अपेक्षा करतो. गट पाडताना दोन कर्णधारांना खेळाडू निवडायला लावू नये. शेवटी उरणारे मूल दर वेळी तेच असते. हजेरी क्रमांकाने गट पाडावेत. जाड मुलाला पंच, गोलरक्षक किंवा पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा करून ‘सहभाग’ दाखवणे हीसुद्धा एक प्रकारची हकालपट्टीच आहे. रस्सीखेच, गोळाफेक, कबड्डीतील पकड यांत त्याचे बळ उपयोगी पडते; तिथून सुरुवात करावी, म्हणजे दम लागणाऱ्या खेळात उतरण्याचे धैर्य येते. 600 मीटर धावण्याची चाचणी घेतली, तर वेळ प्रत्येकाच्या वहीत लिहावी, फळ्यावर लिहू नये, आणि तुलना त्याच्याच मागच्या वेळेशी करावी.

धावायला नकार देणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्यापूर्वी एकट्याला बाजूला घेऊन विचारावे. मुंबईच्या दमट हवेत मांड्या घासून कातडी सोलवटते आणि ते सांगायची लाज वाटते, असे अनेकदा असते. आतून गुडघ्यापर्यंतची सैल सुती चड्डी घातली की प्रश्न सुटतो. मोठ्या मुलींना पाळीच्या दिवसांची आणि पांढऱ्या गणवेशाची धास्ती असते. गडद रंगाची पँट चालेल एवढी सवलत शाळेने दिली, तरी तासात भाग घेणाऱ्या मुलींची संख्या वाढते. जाड मुलांचे शरीर लवकर तापते, म्हणून मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बारा ते तीनच्या उन्हात तास ठेवू नये आणि दर दहा मिनिटांनी पाणी पाजावे.

वजन, उंची आणि धोक्याच्या खुणा

वजन-उंची एका वेळी एकाच मुलाची, दाराआड घ्यावी आणि आकडा मोठ्याने वाचू नये. प्रौढांसाठी वापरतात ते 25 आणि 30 हे बीएमआयचे आकडे मुलांना लागू नाहीत. वय आणि लिंग यांनुसार बदलणारे, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे तक्ते वापरावेत. त्यांत अतिवजन आणि लठ्ठपणाच्या रेषा प्रौढपणीच्या 23 आणि 27 या बीएमआयला जुळवून आखल्या आहेत. तरीही केवळ वजनावर विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने हे दाखवून दिले आहे की, भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते आणि याची सुरुवात जन्मापासूनच होते. म्हणून काटक्यांसारखे हातपाय आणि पुढे आलेले पोट असलेले मूलही लक्ष ठेवायच्या मुलांच्या आपल्या यादीत हवे. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे.

तीन गोष्टी शिक्षकाच्याच नजरेस आधी पडतात. मानेच्या मागे काळपट, जाडसर, मखमली पट्टा दिसला तर तो मळ नसतो, रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. आई बिचारी ते घासघासून काढत असते. वर्गात सतत पेंगणारे मूल रात्री घोरत असेल, तर झोपेत श्वास अडखळत असण्याची शक्यता असते. आणि जाड मूल वयात येताना लंगडू लागले, मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणू लागले, तर तो खेळातला मुका मार समजू नये. खुब्याच्या सांध्यातील हाड सरकलेले असू शकते. त्याला त्याच दिवशी खेळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवण्यास पालकांना सांगावे.

तासाबाहेरचे पाच भाग

खाण्याबाबत शिक्षकाचा अधिकार थोडा, पण शून्य नाही. 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार साखर, मीठ आणि चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. मुख्याध्यापकांच्या हे निदर्शनास आणून देता येते. आंतरशालेय स्पर्धेनंतर बक्षीस म्हणून शीतपेये आणि वेफर्स वाटणे आपणच थांबवावे, केळी आणि चिक्की पुरते. दहावीच्या वर्गांसाठी गणिताचे शिक्षक पीटीचा तास मागतात, तेव्हा संकोच न करता नकार द्यावा. फार तर बदल्यात त्याच आठवड्यातला दुसरा तास लिहून घ्यावा.

संध्याकाळसाठी मात्र ‘बाहेर खेळा’ असे मोघम सांगून चालत नाही, कारण मूल चाळीत राहते की उंच इमारतीत, आई-वडील किती वाजता लोकलमधून उतरतात आणि जवळ मोकळी जागा कोणती, यावर सर्व अवलंबून असते. प्रत्येक वर्गासाठी शाळेच्या परिसराचा एक कागद तयार करावा : महापालिकेची उद्याने आणि मैदाने, त्यांच्या वेळा, व्यायामशाळा, जलतरण तलाव. दादरच्या मुलांना शिवाजी पार्क आणि महात्मा गांधी जलतरण तलाव जवळ आहे. पाण्यात सांध्यांवर भार बराच कमी पडत असल्याने जाड मुलांना पोहणे विशेष मानवते. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवला जातो आणि तेथील उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, हेही मुलांना सांगावे. इतर भागांतील शिक्षकांनी आपापल्या वॉर्डाची अशी यादी स्वतः पायी फिरून करावी, कारण जी मैदाने कागदावर आहेत त्यांतली काही कुलूपबंद असतात. मग दर सोमवारी तासाच्या आरंभी, मुले अंगणात चालत असतानाच, ‘काल कोण कुठे खेळले?’ एवढेच विचारावे, उत्तरे वहीत टिपावीत आणि ज्याचे उत्तर तीन सोमवार ‘कुठेच नाही’ असे येईल, त्याच्या घरी त्याच आठवड्यात फोन करावा.