बॉस नसलेल्या कंपनीत रुजू होताना

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी लागलो. पहिल्याच आठवड्यात बुटीबोरीच्या एका ग्राहकाचा फोन आला. आमचं सॉफ्टवेअर दोन दिवस बंद पडलं होतं, त्यांचा माल गेटवर अडकला होता आणि त्यांना महिन्याचे पैसे परत हवे होते. सवयीप्रमाणे मी सगळ्यांत जुन्या सहकाऱ्याकडे गेलो. "दादा, देऊ का परत?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. शीटवर प्रत्येक कामापुढे एक नाव होतं. 'परतावा, १०,००० रुपयांपर्यंत' या ओळीपुढे माझं. "मले काहून विचारून राहिला? सल्ला पाहिजे तर देतो, परवानगी तुझीच तुला घ्यायची आहे."

मग मी हिशेब बघणाऱ्या ताईंना विचारलं, सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारलं आणि अर्ध्या महिन्याचे पैसे परत केले. ताईंच्या मते पूर्ण द्यायला हवे होते. तरी निर्णय माझाच राहिला. फक्त तो का घेतला हे शीटवर दोन ओळींत लिहावं लागलं. ज्यांना झळ बसणार आणि ज्यांना त्यातलं कळतं, त्यांना आधी विचारणं बंधनकारक, त्यांचं ऐकणं मात्र नाही. या पद्धतीचा गाभा एवढाच. अधिकार इथेही असतोच, तो खुर्चीऐवजी कामाला जोडलेला असतो.

नेदरलँड्समध्ये २००६ साली सुरू झालेली ब्यूर्टझोर्ग ही घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था याच रीतीने चालते. जास्तीत जास्त १२ परिचारिकांचा एक गट. पाळ्या कशा लावायच्या, नवं माणूस घ्यायचं का, हे गटच ठरवतो. अडलं तर कोच मदतीला येतो, पण हुकूम सोडू शकत नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉर्निंग स्टार या टोमॅटो प्रक्रिया कंपनीत तर प्रत्येक जण आपल्या कामाचं करारपत्र सहकाऱ्यांशी बोलून लिहितो.

आपल्याला एवढ्या लांब जायचीही गरज नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा बहुमतावर न जाता सर्वसहमतीने निर्णय घेते. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. कंपनीला सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबणं परवडत नाही, म्हणून आमच्या बैठकीत "पसंत आहे का?" असं न विचारता "यानं नुकसान होईल अशी कोणाची हरकत आहे का?" असं विचारतात. हा फरक अंगवळणी पडायला मला तीन महिने लागले.

एक गोष्ट मात्र खुपत होती. पगार कोण ठरवतं, हे शीटवर कुठेच नव्हतं. जिथे लिहिलेलं नसतं तिथे जुन्या माणसाचं वजन चालतं. बैठकीत सगळे संस्थापकांच्या चेहऱ्याकडे बघायचे. त्यांनी मान हलवली की विषय मिटला. चौथ्या महिन्यात मी हे सगळ्यांसमोर बोललो, आवाज कापत होता. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पुढच्या वेळेपासून मी शेवटी बोलेन." तेव्हापासून खरंच शेवटी बोलतात. पगाराची ओळही शीटवर आली, पुढे तिघांची नावं, दर वर्षी बदलणारी.

म्हणून अशा ठिकाणी जाणार असाल तर मुलाखतीतच विचारा : पगार कोण ठरवतं, कोणाला काढायचं झालं तर कोण काढतं आणि दोघांचं बिनसलं तर जायचं कोणाकडे? "आमच्यात सगळे मिळून ठरवतात" असं उत्तर आलं, तर ते कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा.