लाराव्हेल १० वर गेल्यावर क्वेरी फुटतायत? आधी हे बघा
लाराव्हेल (पीएचपीचं वेब फ्रेमवर्क) ९ वरून १० वर गेलात आणि रिपोर्टची पानं धडाधड फुटायला लागली, एररमध्ये स्ट्रिंग हवी होती पण एक्स्प्रेशन मिळालं असं दिसतंय, तर घाबरू नका, डेटाबेसला काही झालेलं नाहीये. या व्हर्जनपासून डीबी रॉ (DB::raw, म्हणजे एसक्यूएलचा तुकडा जसाच्या तसा देणारं एक्स्प्रेशन) आपोआप स्ट्रिंग होत नाही. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये डीबी सिलेक्टच्या (DB::select) कंसात थेट डीबी रॉ कुठे दिलंय ते सर्च करा, तिथलं रॉ काढून नुसती एसक्यूएल स्ट्रिंग द्या, बस. क्वेरी बिल्डरच्या (एकामागून एक मेथड जोडून क्वेरी बांधायची पद्धत) सिलेक्ट, ऑर्डर बायमधलं रॉ मात्र चालतं, म्हणून सरसकट फाइंड-रिप्लेस अजिबात नको. आणि हात घातलाच आहे तर स्ट्रिंगमध्ये चिकटवलेले व्हेरिएबल काढून तिथे प्रश्नचिन्ह टाका, व्हॅल्यू दुसऱ्या आर्ग्युमेंटच्या अ‍ॅरेत द्या, खरंच करा हे, एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे बाहेरच्याने क्वेरीत स्वतःचं एसक्यूएल घुसवण्याचा धोका तिथेच असतो.